तो भोंगा माझ्या ताईच्या घरात वाजला : वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुलं पत्र

मराठी आणि हिंदी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा रात्री जेवताना टीव्ही लावला, तर एका वृत्तवाहिनीवर २६ नोव्हेंबरच्या विशेष कार्यक्रमाची जाहिरात चालू होती. ताजच्या घुमटामागून निघणारा धूर, त्यावर गोळ्यांचे आवाज, मग छातीच्या ठोक्यांसारखा एक ठेका, आणि मग हवाई हल्ल्याच्या वेळी वाजतो तो भोंगा. शेवटी पडदा काळा झाला आणि लाल अक्षरं आली : बुधवारी, रात्री आठ वाजता. माझे यजमान हातातला घास ताटात ठेवून आत निघून गेले. ते मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांची बहुतेक नोकरी सीएसटीला गेली. २००८ सालीही तो बुधवारच होता.

ती जाहिरात बघितली नसती तर मी लिहायला बसले नसते. पण सांगायचं आहे ते बरंच जुनं आहे.

मला टीव्हीचं वेड आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि दोनेक वर्षांनी आमच्या परळच्या चाळीत पहिला टीव्ही आला. तेव्हा मी शाळेत होते. एका बिऱ्हाडात मिळेल तिथे माणसं बसायची, उरलेली गॅलरीत उभी राहून खिडकीतून बघायची. बातम्या लागल्या की पोरांना दटावून गप्प करायचे. स्मिता पाटील बातम्या द्यायच्या, पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. त्या बातम्या निर्दोष होत्या असं मी म्हणणार नाही. सरकारला नको ते त्यात नसायचं, आणि काही मोठं घडलं की आमचे वडील रेडिओवर बीबीसी शोधत बसायचे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा मराठी-हिंदीत चोवीस तास बातम्या देणारं कोणी नव्हतं. ती अख्खी दुपार आम्ही जिन्यात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत काढली. म्हणून खाजगी वृत्तवाहिन्या आल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आता काही झालं तरी लगेच कळेल, असं वाटलं होतं. मी तुमची जुनी प्रेक्षक आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

बातम्यांइतक्याच मी मालिका बघते. सासू-सुनांच्या, पोलिसांच्या, पौराणिक, सगळ्या. इतकी वर्षं बघितल्यावर कान तयार होतो. दार उघडायच्या आधी वाद्यांचा गडगडाट झाला की बाहेर कोण उभं आहे ते कळतं. एकच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला की आता जाहिराती येणार. ‘पुढील भागात’ म्हणून जे दाखवतात ते पुढच्या भागात स्वप्न निघतं, आणि आम्ही ते सोडून देतो. सोडून देतो कारण सुरुवातीलाच पाटी येऊन गेलेली असते : यातील पात्रं आणि घटना काल्पनिक आहेत. नायिका रडते तेव्हा मीही रडते, पण गॅसवर दूध ठेवलंय हे माझ्या डोक्यात असतं. मालिकावाले आणि आम्ही यांच्यातला हा जुना करार आहे. त्यांनी घाबरवायचं, आम्ही घाबरायचं, आणि खरोखर कोणी मेलेलं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

तुमच्या बातम्यांच्या आधी ती पाटी येत नाही. वाद्यं मात्र तीच, तीनदा दाखवलेला चेहरा तोच, जाहिरातीआधी अडवून धरलेलं वाक्यही तेच. हे मला कळलं २८ नोव्हेंबर २००८ च्या शुक्रवारी.

बुधवारी रात्री सीएसटीच्या मेन लाइनच्या हॉलमध्ये, बाहेरगावच्या गाड्यांची वाट बघत बसलेल्या माणसांवर दोघांनी गोळीबार केला होता. त्या एका स्टेशनात ५८ माणसं गेली. यजमान त्या दिवशी सकाळपाळी करून घरी आलेले होते, म्हणून वाचले असं आम्ही मानतो. गाड्या लगेच गुरुवारी सुरू झाल्या आणि शुक्रवारी ते कामावर गेले. मी बुधवारपासून टीव्हीसमोर होते. हिंदी मालिकांच्या कामगारांचा त्याच महिन्यात संप होऊन गेला होता, त्यामुळे काही दिवस सगळीकडे जुनेच भाग लागले होते आणि बातम्या बघण्याची सवय लागली होती. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे कमांडो मी त्या शुक्रवारी घरात बसून, ते उतरत असतानाच बघितले. काही वेळाने खाली पट्टी आली : सीएसटीत पुन्हा गोळीबार.

फोन लागेना. मी वाहिन्या बदलत राहिले. एकीवर काहीच नव्हतं, दुसरीवर पट्टी होती, तिसरीवर ‘सूत्रांची माहिती’ होती. चित्रं बुधवारची दाखवत होते आणि कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहिलेलं होतं. फरशीवरचं रक्त, पडलेल्या पिशव्या, एकेक चप्पल. त्या पिशव्यांत मी यजमानांचा डबा शोधत होते. मग निवेदक म्हणाला की याबद्दलची मोठी बातमी थोड्याच वेळात, आणि जाहिराती लागल्या. मी उठले नाही. रिमोट हातात धरून जाहिराती संपायची वाट बघत बसले, रोज रात्री मालिकेसाठी बसते तशीच. माझा माणूस जिवंत आहे की नाही, हे मला ब्रेकनंतर कळणार होतं.

सव्वा तासाने त्यांचा फोन आला. गोळीबार झालाच नव्हता. अफवा होती. ती पट्टी पुढे दिसेनाशी झाली, पण ‘आम्ही चुकीचं सांगितलं’ असं मी बघत होते त्या वाहिनीवर रात्री झोपेपर्यंत कोणी म्हणालं नाही. मी वाट बघितली होती.

त्याच स्टेशनातली बुधवारची एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे त्या रात्री ड्यूटीवर होते. कुठली लोकल कुठल्या फलाटावर येतेय हे सांगणं त्यांचं रोजचं काम. वरच्या केबिनमधून त्यांना समोर काय चाललंय ते दिसलं, आणि त्यांनी माइक सोडला नाही. लोकलमधून उतरणाऱ्या माणसांना ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले : पुढच्या बाजूला जाऊ नका, मागून बाहेर पडा. हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं. त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळ्या आल्या. त्या आवाजामुळे कितीतरी माणसं घरी पोचली. यजमान म्हणतात, त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं प्रक्षेपण झेंडे यांनी केलं, आणि त्यांच्याकडे कॅमेराही नव्हता. धोका कुठे आहे आणि आत्ता काय करायचं, एवढंच त्यात होतं. मला बातमीची याहून चांगली व्याख्या सुचत नाही.

पुढे न्यायालयात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुमच्या वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमांत मी ते कधी ऐकलेलं नाही. हल्लेखोर आत असताना त्यांचे सूत्रधार पाकिस्तानात बसून आपल्या वाहिन्या बघत होते आणि फोनवरून त्यांना सूचना देत होते. ती संभाषणं टिपली गेली, पुराव्यात आली. २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने तुमच्या थेट प्रक्षेपणावर निकालात स्वतंत्रपणे लिहिलं. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती चंद्रमौळी कुमार प्रसाद यांचं ते खंडपीठ. प्रक्षेपणामुळे एखाद्या जवानाला इजा झाली का, हे सांगता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. पण त्याने सुरक्षा दलांचं काम अतिशय अवघड आणि जोखमीचं झालं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. वाहिन्यांवरचं नियंत्रण आतूनच यावं, या तुमच्या म्हणण्याचं त्या प्रक्षेपणाने फार नुकसान केलं, असंही त्यात आहे. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई थेट दाखवायला बंदी आली. कारवाई संपेपर्यंत, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच द्यायचं.

मला वाटलं, झालं, आता मिटलं. मग यंदाचा मे महिना आला, आणि पाकिस्तानशी संघर्ष सुरू झाला.

माझी थोरली बहीण सातारा जिल्ह्यात गावी राहते. तिचा मुलगा सैन्यात आहे. कुठे आहे ते लिहीत नाही, लिहूही नये. ७ मेला नागरी संरक्षणाचा देशभर सराव झाला आणि महाराष्ट्रातही ठिकठिकाणी भोंगे वाजले. त्या दिवशी तुम्ही चांगलं काम केलंत, हे मी आवर्जून सांगते. भोंगा चढ-उतार करत वाजला तर धोका, एकसुरी वाजला तर धोका टळला. दिवे मालवा, आडोशाला जा. हे तुम्हीच शिकवलंत. ताईने मला ते सगळं फोनवर पाठ म्हणून दाखवलं. सत्तरीची बाई आहे ती.

दुसऱ्या दिवशी, ८ मेच्या रात्री, तोच भोंगा एका वाहिनीने चर्चेच्या खाली वाजवायला घेतला. चढ-उताराचा, धोक्याचा. ताईचा टीव्ही पुढच्या खोलीत चालू होता आणि ती देवघरात होती. तिने तुम्ही शिकवलंत तसं केलं. घरातले दिवे मालवले आणि शेजारणीला सावध करायला अंधारात ओट्यावर आली. पायरी चुकली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. शेजारीपाजारी सगळ्यांच्या घरात दिवे चालू होते, हे बघून तिला वाटलं की गावाला कळलेलंच नाही, म्हणून ती पडल्या जागेवरूनही ओरडत होती, दिवे घालवा, दिवे घालवा.

त्याच रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. तसं काही झालेलं नव्हतं. कुठल्या तरी दुसऱ्या देशातली, जुनी दृश्यं आजची म्हणून फिरली. भाच्याचा फोन त्या दिवसांत बंद होता. ताई हात गळ्यात बांधून टीव्हीसमोर बसून होती आणि तुम्ही जे म्हणाल ते खरं धरून चालली होती. बंद कर म्हटलं तर म्हणाली, त्याचं काही आलं आणि मी बंद केलेला असला तर? सैनिकाच्या आईला टीव्ही बंद करता येत नाही. त्या रात्री तुमच्या स्टुडिओत हे एकाच्या तरी मनात यायला हवं होतं.

१० मेला केंद्राच्या अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण आणि गृहरक्षक दल महासंचालनालयाला तुमच्यासाठी लेखी सूचना काढावी लागली : जनजागृतीचे कार्यक्रम सोडून भोंग्याचा आवाज वापरू नका, रोज ऐकून लोकांना त्याची सवय होईल आणि खरा भोंगा वाजला तरी ते टीव्हीवरचाच समजतील. त्यानंतर सहा महिने झाले. परवाच्या जाहिरातीत तो पुन्हा वाजला.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची आहे. चित्रावरून मान वळवता येते, कान बंद करता येत नाहीत. स्वयंपाकघरात असलेल्या, आजारी, नीट न दिसणाऱ्या माणसांपर्यंत तुमची बातमी आधी आवाजाने पोचते. त्यात तुम्ही गोळ्या, भोंगे आणि ठोके मिसळता तेव्हा त्यांना खरं आणि लावलेलं यातला फरक कळायला काही मार्ग उरत नाही. माझ्यासारख्या मुरलेल्या प्रेक्षकालाही नाही.

जुन्या चित्रांवर ‘लाइव्ह’ लिहिणं हे खोटं बोलणं आहे. याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

तुमची चूक मोठ्या अक्षरांत येते आणि दुरुस्ती येतच नाही. मी मेमधल्या त्या वाहिनीकडे रीतसर तक्रार केली. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पोच आली, तिचा क्रमांक माझ्या वहीत आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या पायरीची मुदत ताईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत निघून गेली. तुमच्या स्वनियमनातल्या एक लाख रुपयांच्या दंडाने काही साधत नाही, हे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बोलून दाखवलं होतं.

आणि एक तक्रार यजमानांची आहे, ती त्यांच्याच शब्दांत लिहिते : “आमच्या स्टेशनातली माणसं कुठे गेली?” त्या तीन दिवसांत तुमचे कॅमेरे ताज आणि ओबेरॉयसमोर उभे होते. सीएसटीला मेलेली माणसं उत्तरेकडच्या गाड्यांची वाट बघणारी, गाठोडी उशाशी घेऊन बसलेली, साधी माणसं होती. मला मालिकांमुळे याचं कारण समजतं. मालिकेला मोठा वाडा लागतो, रुंद जिना लागतो, झुंबर लागतं. फलाटावर गोष्ट नीट दिसत नाही. पण तुम्ही गोष्ट सांगायला बसलेला नव्हतात. दरवर्षी आजही तोच धूर येतो, आणि हेल्मेट चढवणारे हेमंत करकरे मंद गतीने, संगीतावर, पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या घरच्यांनी ते किती वेळा बघायचं? तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात नुसती लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या झेलल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे वाक्य साध्या आवाजात वाचून दाखवा, अंगावर काटा येतो. खाली ढोल लावायची गरज पडत नाही.

लोकांना हेच आवडतं, टीआरपीचे आकडे बघा, असं तुम्ही म्हणाल. गुरुवारी येणाऱ्या त्या आकड्यांत माझ्यासारखीच घरं मोजलेली असतात. म्हणून सांगते, २८ नोव्हेंबरला मी टीव्ही बंद केला नाही तो आवडत होता म्हणून नाही. माझा माणूस आत होता म्हणून. ताईने मेमध्ये बंद केला नाही तोही त्याचसाठी. आमच्या भीतीला तुम्ही आवड म्हणून मोजू नका.

माझं मागणं थोडं आहे. हल्ला, युद्ध, अपघात, पूर यांच्या बातम्यांना पार्श्वसंगीत लावायचं नाही, आणि भोंगा तर कधीच नाही. वर्षश्राद्धाच्या जाहिरातीतही नाही. प्रत्येक जुन्या चित्रावर ते कुठलं आणि कधीचं हे वाचता येईल एवढ्या अक्षरांत, चित्र असेपर्यंत ठेवायचं. माणसांच्या जीवाची बातमी हाताशी असताना ‘ब्रेकनंतर’ म्हणून अडवून धरायची नाही. आधी सांगा, मग साबण विका. चूक झाली तर जितका वेळ ती चालली तितका वेळ, त्याच पट्टीवर, दुरुस्ती चालवा. आणि कारवाई सुरू असताना, नियमात आहे तेवढंच द्या. बाकीचा वेळ कुठला रस्ता बंद आहे, कुठली गाडी सुरू आहे, कुठल्या रुग्णालयात रक्त हवंय, हे सांगण्यात घालवा. आम्ही बघू. कंटाळणार नाही.

यंदा २६ तारखेला सीएसटीच्या हॉलमधल्या माणसांवर एक अर्धा तास करा. जे वाचले त्यांना शांतपणे बोलू द्या. मध्ये निवेदकाने बोलू नये.

बुधवारी रात्री आठ वाजता मी टीव्ही लावणार आहे. यजमान बसतील की नाही माहीत नाही. ज्या वाहिनीवर भोंगा वाजणार नाही तिचं नाव मी ताईला फोन करून सांगेन, म्हणजे तिला ती लावता येईल. भाचा सध्या सुट्टीवर नाही.

आपली,
एक प्रेक्षक
डोंबिवली, १८ नोव्हेंबर २०२५